‘सरपंच’ लिहिणाऱ्या मुलीला किती गुण?

पत्र

आदरणीय बाई,
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी नऊ वर्षं समाज विज्ञान शिकवते. एम. ए. इतिहासात केलं, पण आठवी ते दहावीला इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन, सगळं एकटीनंच ओढायचं. प्रशिक्षणं होतात ती कन्नडमध्ये, निम्मं डोक्यावरून जातं. ऑनलाइन कोर्स केले, प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली, माझा तास मात्र होता तसाच आहे. गेल्या महिन्यात दहावीतल्या एका मुलानं विचारलं, ‘टीचर, मग आपण नक्की कुठले?’ मी ‘पुढचा परिच्छेद वाचा’ म्हणून वेळ मारून नेली. त्याची अजून लाज वाटते. शिक्षक म्हणून वाढायचं तर काय करू? कोणता कोर्स करू?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर

प्रिय टीचर,

कोर्सचं शेवटी सांगते, आणि थोडक्यात सांगते. आधी माझी एक फजिती ऐका.

नोकरीला लागून मला चार-पाच वर्षं झाली असतील. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, ग्रामपंचायतीच्या प्रमुखास काय म्हणतात? एका मुलीनं लिहिलं, ‘सरपंच’. मी लाल पेनानं फुली मारली. कर्नाटकात अध्यक्ष असतो, पुस्तकात तसं छापलंय, विषय संपला. पेपर वाटल्यावर ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, माझ्या मामाच्या गावात सरपंचच आहे.’ मामाचं गाव चंदगड तालुक्यातलं. ‘आणि बाबा तर प्रधान म्हणतात.’ मी तिला जागेवर बसवलं. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. तिघांनी तीन शब्द वापरले होते आणि तिघंही खरं बोलत होते.

मामाचं बरोबर, कारण चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, चंदगड मात्र मुंबई राज्यातच राहिला आणि पुढे तिथं महाराष्ट्राचा पंचायत कायदा लागू झाला. बाबांचंही बरोबर. कर्नाटकानं १९८३ साली वेगळा कायदा केला, १९८७ मध्ये त्याखाली निवडणुका झाल्या आणि गावोगावी मंडल पंचायती आल्या. त्यांच्या प्रमुखाला प्रधान म्हणत. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्या मागोमाग १९९३ चा कर्नाटक पंचायत राज कायदा आला, मंडल जाऊन ग्रामपंचायत आली आणि प्रधानाच्या जागी अध्यक्ष बसला. पुस्तकानं फक्त हा शेवटचा शब्द छापला होता. पोरीनं घरातून आणि आजोळाहून दोन कायदे माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि मी फुली मारून मोकळी झाले.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर याच गोष्टीत आहे. कोर्स शोधण्याआधी एक वही करा आणि तिच्यात मुलांची चुकलेली उत्तरं लिहा. सगळी नकोत. ‘हिनं असं का लिहिलं असेल?’ असा प्रश्न ज्या उत्तरानं पडेल, तेवढंच. आठवड्याला एक मिळालं तरी पुष्कळ. सीमाभागात चुकीच्या उत्तराच्या मागं बहुतेक वेळा दुसरं एखादं बरोबर उत्तर दडलेलं असतं. पलीकडे पंचायत समिती, आपल्याकडे तालुका पंचायत. पलीकडे ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी), आपल्याकडे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. पलीकडे सातबारा, आपल्याकडे आरटीसी. बोलताना मात्र आपल्या गावात अजून तलाठी, मामलेदार आणि उतारा चालतो, कारण ५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो आणि कचेरीचे शब्द कचेरीपेक्षा जास्त जगतात. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. शोधावं लागलं, आणि त्या शोधण्यातच मी थोडी शिक्षिका झाले.

आता सहा विषयांचं ओझं. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका, हात भाजतील. वर्षाला एक विषय धरा. यंदा तुमचा हक्काचा, इतिहासच घ्या. एम. ए. झालंय म्हणून इतिहास येतो असं समजू नका. (मीही तेच समजत होते.)

दहावीला राणी चन्नम्माचा कित्तूरचा इंग्रजांविरुद्धचा लढा आहे, संगोळ्ळी रायण्णा आहे. रायण्णाला फाशी झाली ती २६ जानेवारी १८३१ ला, नंदगडमध्ये. नंदगड तुमच्याच तालुक्यात! किती मुलांनी ती जागा पाहिलीय, विचारा. त्याआधी स्वतःला विचारा. एका रविवारी एकट्याच जा. मुलांना घेऊन गेलात तर पाणी कुणाचं संपलं, चप्पल कुणाची तुटली, यातच दिवस जाईल. नंदगडला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी जुनी माणसं भेटतील. रायण्णावरची कन्नड गाणी ऐकायला मिळाली तर ऐका. गाण्यातला रायण्णा आणि पुस्तकातला रायण्णा कुठं वेगळा होतो, ते टिपून ठेवा.

मग १८८४ सालचं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर काढा, मुंबई इलाख्याच्या मालेतला २१ वा खंड. इंटरनेटवर फुकट आहे. त्यातला कित्तूरचा मजकूर आणि पाठ्यपुस्तकातला धडा शेजारी ठेवून वाचा. ऑक्टोबर १८२४ मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरला मारला गेला, ही घटना दोन्हीकडे एकच. पण शब्द बघा. एकीकडे ‘बंड’, दुसरीकडे ‘लढा’. इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेलं पुस्तक आणि आपण मुलांच्या मनात अभिमान यावा म्हणून लिहिलेलं पुस्तक, दोन्हींना आपापला हेतू आहे. हे एकदा नीट दिसलं की साधनांची चिकित्सा वर्गात शिकवता येते. व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

आणि एक प्रश्न वर्गात येईल अशी तयारी ठेवा. दत्तक नामंजूर धोरण डलहौसीचं, साताऱ्याचं राज्य खालसा झालं १८४८ ला, मग कित्तूरचा दत्तक २४ वर्षं आधीच कसा नाकारला? माझ्या वर्गात हा प्रश्न एका मागच्या बाकावरच्या मुलानं विचारला होता. उत्तर असं की डलहौसीनं ते धोरण म्हणून सर्रास राबवलं. दत्तकाला मंजुरी द्यायची की नाही हे आपल्या हातात ठेवायची कंपनीची सवय त्याच्या आधीची. पण उत्तराइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा. दोन धड्यांमधल्या तारखा जोडून बघणारा मुलगा इतिहासकारासारखाच विचार करत असतो.

हलशी तर तुमच्या अगदी उशाशी. कदंब राजांची पलाशिका ती हीच. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिराच्या आवारात बसून कदंबांचा धडा एकदा तरी वाचा.

पुढच्या वर्षी भूगोल धरा. इतिहासवाल्यांना भूगोलाची भीती असते, कारण आपण तो नकाशात रंग भरण्यापुरता शिकलेले. तुमच्याकडे तर शिकायला डोळ्यासमोर पाऊस आहे. मलप्रभा तुमच्या कणकुंबीत उगम पावते, तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस छत्री मिटत नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला अथणी, तिथं आभाळाकडे बघून माना दुखतात. सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा प्रदेश मुलांना कुठल्या तरी दूरच्या उदाहरणावरून का शिकवायचा? अथणीकडची एखादी समाज विज्ञान शिक्षिका गाठा. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली वरून कापा, तळाचा उंचवटा झाकेल इतकं पाणी भरून तिथं शून्याची खूण करा, पट्टी चिकटवा आणि उघड्यावर ठेवा. दोन्ही शाळांतल्या मुलांनी रोज सकाळी आठला मोजायचं आणि आकडा मोबाइलवर पाठवायचा. जून ते सप्टेंबर. दसऱ्याच्या सुटीआधी दोन्ही शाळांचे आलेख एकाच कागदावर काढा. बाटलीचं माप हवामान खात्याइतकं काटेकोर येणार नाही, आणि का येणार नाही हाही एक तास होतो.

ही जोडीदारीण तुम्हाला पावसापलीकडेही उपयोगी पडेल. आपल्या कामात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एकटेपणा. गणिताचे दोन-तीन शिक्षक असतात, भाषांचे असतात, समाज विज्ञानाचा बहुतेक शाळांत एकच. आपला तास कुणी बघत नाही. बघतात ते तपासणीला आलेले साहेब, आणि ते मागं बसून टाचणाची वही बघतात. महिन्यातून एकदा एकमेकींना धड्याचा दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऐकताना एवढंच मोजायचं, प्रश्न किती विचारले आणि त्यातले किती ‘कळलं का?’ होते. मी स्वतःचा तास पहिल्यांदा ऐकला तेव्हा पस्तीस मिनिटांत अठरा वेळा ‘कळलं का’ निघालं. मुलांनी अठराही वेळा ‘हो’ म्हटलं होतं.

अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययनासाठी बाजारात जा, एवढंच सांगते. बँकांच्या धड्याला पिग्मी एजंटाला वर्गात बोलवा. प्रत्येक मुलाच्या घरी तो येतोच. पिग्मी ठेव ही कर्नाटकचीच देणगी, १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली, हे सांगितलं की मुलं पुस्तक उघडायच्या आत ऐकायला लागतात. निपाणीकडच्या वाचक शिक्षकांनी तंबाखू घ्यावा; वखार, विडी कामगार बाया आणि १९८१ चं शेतकरी आंदोलन, अर्थशास्त्राचे निम्मे धडे तिथंच भेटतात.

आता कन्नडचं. तुम्ही लिहिलंय ‘निम्मं डोक्यावरून जातं’. माझंही जायचं. पहिल्याच प्रशिक्षणात साधनव्यक्ती शेवटी म्हणाले, ‘अनुमान इद्रे केळी.’ मी विचार करत बसले, आता अनुमान कशाचं काढायचं, आणि यात केळी कुठून आली? शेजारची बाई हसून म्हणाली, ‘अगं, शंका असेल तर विचारा म्हणतायत.’ कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका. ते ऐकून मी शंका विचारली, मराठीतच; आणि साहेबांनी मराठीतच उत्तर दिलं.

सीमाभागात असं बोललं की काहींना रुचत नाही, तरी बोलते. कन्नड शिकल्यानं आपली मराठी उणी होत नाही. मराठी माध्यमाची शाळा टिकावी म्हणून भांडणाऱ्या माणसाला तर परिपत्रक स्वतः वाचता यायलाच हवं. क्लासला जाऊ नका. पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर तुमच्याच इयत्तेचं कन्नड पुस्तक मिळतं. रोज एक पान, मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचा. मजकूर आधीच माहीत असल्यामुळं भाषा लवकर सुटते. वर एक फायदा फुकट: मराठी पुस्तकातलं एखादं वाक्य चार वेळा वाचून कळत नाही ना, ते बहुतेक वेळा भाषांतरात अडकलेलं असतं. मूळ वाक्य बघितलं की गाठ सुटते, आणि मुलांना ते आपल्या मराठीत सांगता येतं. बालभारतीची पुस्तकंही उतरवून घ्या. एकाच विषयाची तीन पुस्तकं हाताशी असलेला शिक्षक कोल्हापुरातही सापडणार नाही आणि बंगळुरातही.

आणि तो मुलगा. ‘आपण नक्की कुठले?’

लाज वाटून घेऊ नका. आमच्या पिढीनंही हा प्रश्न टाळला. काही जणांनी वर्गात भाषणं ठोकली, ते टाळण्याहून वाईट. शिक्षकानं मुलाला बाजू द्यायची नसते. पण ‘पुढचा परिच्छेद वाचा’ म्हटलं की मुलाला एवढंच कळतं, की जे खरोखर महत्त्वाचं आहे ते शाळेत बोलत नाहीत. मग ते तो चौकातून शिकतो.

हा प्रश्न प्रक्रिया म्हणून शिकवा. राज्यांच्या सीमा कोण बदलू शकतं? संसद, घटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे. १९५३ ला फाजल अली आयोग नेमला गेला, १९५५ ला अहवाल आला, १ नोव्हेंबर १९५६ ला पुनर्रचना झाली. त्याच तारखेला बेळगावात एका घरी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरी काळा दिवस. दोन्ही मुलं तुमच्या वर्गात असू शकतात, हे विसरू नका. १९६६ ला या सीमावादावर महाजन आयोग, १९६७ ला त्याचा अहवाल. बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावं, पण खानापूर, नंदगड आणि निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, आणि महाराष्ट्रातली काही गावं इकडे यावीत, अशी त्याची शिफारस. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. २००४ ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन राज्यांचा वाद थेट तिथंच का जातो? अनुच्छेद १३१. तो दावा अजून प्रलंबित आहे, तेव्हा ‘निकाल काय?’ या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, ‘लागायचा आहे’. हे सगळं फळ्यावर तारखांच्या रेषेत मांडा, मत मांडू नका. मुलांना सांगा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून या, ५६ च्या आधी आणि नंतर तुमच्यासाठी काय बदललं? शाळा, बाजार, सोयरीक, कचेरीतला कागद, काहीही. दोन्ही भाषांच्या घरांतून उत्तरं येऊ देत. वर्गात ती वाचायची, त्यावर वाद घालायचा नाही.

एक गोष्ट मात्र जरूर दाखवा. अनुच्छेद ३५०-अ, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याबद्दलचा, घटनेत आला तो १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीनं. सीमा आखल्या की कुणीतरी रेषेच्या पलीकडे राहणार, हे त्या वेळी माहीत होतं म्हणून. तुमचे विद्यार्थी ज्या भाषेत धडे गिरवत आलेत, त्याचा हा घटनेतला आधार. ‘कुठले’ याचं उत्तर मुलगा स्वतः देईल, आज एक आणि तिशीत कदाचित दुसरं. तुमच्याकडून त्याला एवढी सामग्री मिळाली तरी पुरे.

मुख्याध्यापक म्हणतील, दहावीच्या निकालाचं काय? त्यांचंही चुकत नाही. सार्वजनिक परीक्षा ८० गुणांची, पण २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. बाटलीतला पाऊस, आजोबांची मुलाखत, ‘सरपंच’चं कोडं, सगळं त्या २० गुणांच्या उपक्रमांत बसवा. नाहीतरी तिथं दरवर्षी थर्माकोलचा लाल किल्लाच येतो.

नागरिकशास्त्रासाठी आणखी एक. आपल्याकडे ग्रामपंचायती मुलांची ग्रामसभा घेतात, मक्कळ ग्रामसभा. बऱ्याच गावांत ती हजेरी आणि बिस्किटांवर उरकते. आधीच्या आठवड्यात मुलांकडून एकच मागणी नीट लिहून घ्या, दोन्ही भाषांत. पीडीओंच्या हातात कागद द्या, पोच मागा. आमच्या मुलींनी शाळेच्या वाटेवरचा दिवा मागितला होता. दिवा यायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत पोरींनी कागद कुठून कुठं फिरतो ते मला शिकवलं.

आता कोर्स. सरकारच्या दीक्षा पोर्टलवरचे करा, करावेच लागतात. राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलेलंच आहे. पण कोर्स निवडताना वहीतला प्रश्न समोर ठेवा. नकाशावाचनात अडलात तर नकाशाचा, नाहीतर नको. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतात, आपल्या भागाचा उतरवून घ्या. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, यावरच आठवडा काढता येतो. सीसीआरटी ही केंद्र सरकारची संस्था सेवेतल्या शिक्षकांसाठी वारसा आणि संस्कृतीवर निवासी प्रशिक्षणं घेते. नाव खात्यामार्फत जातं, म्हणून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात आधीच सांगून ठेवा. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्थाही शिक्षकांचे कार्यक्रम घेते. बाहेरच्या माणसांत आठ-दहा दिवस राहण्याचा फायदा व्याख्यानांपेक्षा जेवणाच्या रांगेत जास्त होतो. दुसरं एम. ए. मात्र पगारवाढीसाठी असेल तर करा, तासासाठी नको.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही. वही, नंदगड आणि अथणीची जोडीदारीण, यंदा तीनच. जोडीदारीण मिळाली नाही तर दसऱ्याच्या आत मला कळवा. तिकडच्या दोघीतिघींची पत्रं या सदराकडे येऊन पडलीत; त्यांची हरकत नसेल तर गाठ घालून देईन.

ता. क. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी अर्धा गुण दिला होता. अजून चुकचुकतं, पूर्ण द्यायला हवा होता.